चोवीस प्रश्न, एक रेघ

९ मार्च, सोमवार

सकाळी अकराच्या सुमारास ताई दार न वाजवता आत आल्या. ताई म्हणजे आमच्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई. एकोणीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. तपासणीच्या टेबलावर एक पायलट उघडा बसलेला होता, त्याच्या छातीला माझी नळी. रागावणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, विमान पडलंय." टेबलावरच्या पायलटचे ठोके क्षणात दुप्पट झाले, ते मला नळीतून आधी कळले आणि बातमी नंतर कळली.

डोंगरावर आपटले. बासष्ट माणसे. कोणी वाचले नाही.

दुपारी दोनला कप्तानाचे नाव आले. माझ्याकडचाच. बावीस जानेवारीला मीच त्याला उडायला लायक ठरवले होते. रक्तदाब उत्तम, नजर गरुडाची. एवढा धडधाकट माणूस विमान पाडत नाही, यंत्रच बिघडले असणार.

१० मार्च, मंगळवार

चौकशी मंडळाकडून फोन आला, कप्तानाची फाईल हवी. ताईंनी ती माझ्यापुढे आणून ठेवली आणि उगाच तिथेच उभ्या राहिल्या. म्हटले, "ताई, चहा आणा." फाईल एकदा चाळली. सगळे कागद जागच्या जागी होते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला निरोपाची एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. जुनी, जानेवारीतली. ती काढून टाकली. सरकारी कामाला फाईल स्वच्छ असलेली बरी.

संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "तुम्ही आज तीनदा हात धुतलेत." डॉक्टर हात धुणारच.

१४ मार्च, शनिवार

यंत्र बिघडलेले नव्हते.

कॉकपिटमधला आवाज टिपणारी पेटी सापडली. सहवैमानिक मागे स्वच्छतागृहात गेला, कप्तानाने दार आतून लावून घेतले आणि विमान खाली खाली नेत राहिला. नऊ मिनिटे. बाहेरून दार ठोकल्याचा आवाज आहे म्हणतात. कप्तान एक शब्द बोललेला नाही.

म्हणजे जाणूनबुजून. माझ्यासमोर तो शर्टाची बटणे लावत बसला होता, ते मला आठवते. "सगळं ठीक?" असे मी विचारले होते आणि तो म्हणाला होता, "सगळं ठीक." माणूस स्वतःच्या तोंडाने ठीक म्हणत असेल तर डॉक्टरने काय त्याच्या मनात शिडी लावून उतरायचे?

२३ मार्च, सोमवार

चौकशीवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या असतील, आवाज मऊ, डोळे मात्र सुईसारखे. कोणतीही घाई नाही. मला घाई नसलेली माणसे आवडत नाहीत.

फॉर्मबद्दल विचारले. आमच्या फॉर्मवर चोवीस प्रश्न असतात. चक्कर येते का, फिट आली होती का, झोप लागते का, दारू किती, मन उदास राहते का वगैरे. समोर 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने. प्रत्येक पायलट चोवीस वेळा 'नाही' म्हणतो. मग चोवीस खुणा कशाला? मी 'नाही'च्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ मारतो. पट्टी न घेता. तीस वर्षांचा हात आहे. पायलट मंडळीत मला प्रेमाने 'एकरेघी डॉक्टर' म्हणतात, गावोगावचे पायलट मुद्दाम माझ्याकडे येतात. हे मी बाईंना हसत हसत सांगितले. त्या हसल्या नाहीत.

"रेघ निळ्या शाईत आहे, कप्तानाची सही काळ्या," त्या म्हणाल्या. "असं का, डॉक्टर?"

"रेघा मी सकाळी चहासोबतच मारून ठेवतो. दहा-बारा फॉर्म एकदम होतात. पायलट आले की फक्त सही."

"म्हणजे तो आला, तेव्हा त्याची उत्तरं आधीच लिहिलेली होती."

"उत्तरं काय, ती सगळ्यांची सारखीच असतात."

त्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतले. एवढी बारीकसारीक माहिती त्यांना कशाला हवी होती कोण जाणे. जाताना ताईंच्या टेबलावरची निरोपवही पाहून "छान पद्धत आहे" म्हणाल्या. सांगितले, की पद्धत माझीच. ताई नव्या असताना एकदा रक्ततपासणीचा निरोप हरवला होता, तेव्हा मी ताईंना सगळ्यांदेखत झापले होते आणि दुसऱ्याच दिवशी ही वही सुरू केली. वर पिवळे पान, मध्ये कार्बन, खाली पांढरे. संध्याकाळी ताई वही माझ्यापुढे धरतात, मी वाचून काट मारतो, मग त्या पिवळ्या चिठ्ठ्या फाडून ज्याच्या त्याच्या फायलीत चिकटवतात. पांढरे पान वहीत राहते. शिस्त म्हणजे शिस्त.

२ एप्रिल, गुरुवार

कप्तानाच्या बायकोने वर्तमानपत्राला सांगितले, की ती जानेवारीत माझ्या दवाखान्यात आली होती. नवरा झोपत नाही, भलतेसलते बोलतो, हे सांगायला. तासभर बसली आणि तिला परत पाठवले म्हणे.

उचलली जीभ लावली टाळ्याला! बातमीदाराचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगितले, की माझ्याकडे कोणीही आले नाही, मला काहीही कळवलेले नाही. आणि ते खरेच आहे. मी तिला पाहिलेले नाही. नातेवाइकांशी बोलायचे नाही हा माझा नियम आहे. एकदा दार उघडले की बायका नवऱ्याच्या घोरण्याच्याही तक्रारी घेऊन येतील.

फोन ठेवला तर ताई दारात.

"डॉक्टर, त्या आल्या होत्या. लहान मुलगी होती बरोबर."

"ताई, रोज पन्नास माणसं येतात."

"पन्नास नाही येत, डॉक्टर. आठ येतात."

मग त्या म्हणाल्या, "जानेवारीची वही काढू का?" मी म्हटले, राहू द्या, मागितली तर बघू.

११ एप्रिल, शनिवार

आज वर्तमानपत्रात मोठा मथळा आला : 'बायकोला ठाऊक होते, ती गप्प राहिली.' खाली माझे वाक्य, चौकटीत. फोटो जुना छापला आहे, त्यात केस बरेच आहेत.

ताईंचे जाणेयेणे कप्तानाच्या बायकोच्या वाचनालयात आहे, ती तिथे पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलावर असते. असायची. आता येऊ नका म्हणून सांगितले आहे. मेलेल्यांपैकी कोणाच्या तरी माणसांनी तिच्या दारावर लाल रंगाने 'बासष्ट' असे लिहिले आहे. तिने ते घासले, पण लाकडात मुरले. मुलीला शाळेने काही दिवस घरीच ठेवा असे कळवले. बाकीच्या पालकांना अवघड वाटते म्हणे. मुलगी सहा वर्षांची आहे.

हे सगळे ताई स्टेथोस्कोप पुसता पुसता सांगत होत्या. मला कशाला सांगता, असे ओठांवर आले होते. वाईट वाटते, नाही असे नाही. पण लोकांचा राग कुठेतरी जाणारच. पाणी उताराकडे जाते, त्याला मी काय करू?

१२ एप्रिल, रविवार

दवाखाना बंद असताना एकटाच गेलो. वह्यांच्या कपाटात डिसेंबर आहे, फेब्रुवारी आहे. जानेवारी नाही.

सगळी कपाटे उपसली, तपासणीच्या टेबलाखालीसुद्धा पाहिले. शेवटी गुडघे धरून जमिनीवर बसलो. आता लिहूनच टाकतो. ती पिवळी चिठ्ठी मी फेकण्याआधी वाचली होती. दहा मार्चला. विमान पडल्यानंतर. आधी वाचली असती तर आठवली नसती का? मला कोणी सांगितले नव्हते, हे मी खोटे बोललेलो नाही. मला ते उशिरा कळले. ज्या दिवशी कळले त्या दिवशी त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. वरातीमागून घोडे.

मग फेकली कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. म्हणून कोणी विचारू नये.

२९ एप्रिल, बुधवार

ताईंशी गोड वागतो आहे. त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या म्हणाल्या, आई जाऊन सहा वर्षं झाली, तुम्ही आला होता की. खजील झालो. मग विचारले, जानेवारीची वही दिसत नाही? त्या म्हणाल्या, "जपून ठेवलीय, डॉक्टर." आणि पुढच्या पायलटला आत सोडले.

पायलट आता कमी येतात. जे येतात ते फॉर्मकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, आणि पटकन सही करतात.

घरी बायको म्हणाली, "मला गेले वर्षभर झोप नाही." मी म्हटले, मग दुपारची झोपत जाऊ नकोस. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिचेही काहीतरी बिनसले आहे.

८ मे, शुक्रवार

ती आली.

ताईंनी सांगितले, कप्तानाच्या पत्नी आल्यात. म्हटले, नियम माहीत आहे ना? ताई म्हणाल्या, "माहीत आहे. त्या बसतील म्हणाल्या." दोन पायलट तपासले. दाराच्या काचेतून तिची चप्पल दिसत होती, हलतही नव्हती. तासाभराने मीच बोलावले.

मला वाटले होते रडेल, नाहीतर अंगावर येईल. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्या दिवशीही एक तासच बसले होते." पर्समधून एक पांढरे पान काढून माझ्यापुढे ठेवले.

एका पानावर चार निरोप असतात. वरचा, चष्म्याच्या दुकानातून फोन, डॉक्टरांचा चष्मा तयार आहे. दुसरा, पाण्याचे मशीन दुरुस्त करायला उद्या माणूस येईल. तिसरा ताईंच्या गोल अक्षरात असा :

'१९ जानेवारी. कप्तानांच्या पत्नी आल्या. तासभर थांबल्या. भेट नाकारली. निरोप : ते झोपत नाहीत. एक दिवस विमान डोंगरावर घालीन असे दोनदा म्हणाले. गुरुवारी तपासणीला येतील. त्यांना उडू देऊ नका. मी सांगितले हे त्यांना कळू देऊ नका.'

चौथा काय होता ते पाहिलेच नाही. कारण चारही निरोपांवरून, पानाच्या वरपासून खालपर्यंत, एक सरळ रेघ गेली होती. कार्बनमधून उतरलेली, जरा पुसट, पण सरळ. पट्टी न घेता.

"ही रेघ वाचल्याची खूण असते ना?" तिने विचारले.

मी वाचले नव्हते. देवाशपथ वाचले नव्हते. चार निरोप, एक रेघ, वही बंद. पण हे तोंडाने कसे सांगायचे? वाचून गप्प बसलो हे जास्त वाईट की न वाचता काट मारली हे, तेच मला ठरवता येईना. मी म्हटले, "तुमची अपेक्षा काय आहे?"

"मला कुणाला शिक्षा करायची नाही. तो माझा नवरा होता. जे केलं ते त्यानं केलं. गुरुवारी मंडळापुढे तुमची साक्ष आहे. तुम्ही एवढंच म्हणा, की मी आले होते. माझ्या मुलीला सगळे विचारतात, तुझी आई गप्प का बसली."

"याचा फोटो काढलाय?"

तिने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिले. "नाही. हे पान मी थेट मंडळाला देणार होते. ताईच म्हणाल्या, एकदा डॉक्टरांना संधी द्या. ते स्वतःच देतील."

ती पान ठेवून गेली. ठेवून गेली! मी ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातले. ताई कप उचलायला आल्या होत्या.

११ मे, सोमवार

काडी पेटवली होती. न्हाणीघरात, दार लावून. बोटाला चटका बसेपर्यंत धरली आणि विझवली. भित्रेपणा म्हणावा की सद्सद्विवेकबुद्धी, कळत नाही. बहुधा भित्रेपणाच. सद्सद्विवेकबुद्धीने काडीच पेटवली नसती.

पान खिशातच आहे. घरात ठेवावे तर बायको कपाटे आवरते. दवाखान्यात ठेवावे तर ताई. काखेत कळसा घेऊन फिरतो आहे, तोही सगळ्यांपासून लपवून.

१४ मे, गुरुवार

सकाळी बायकोने कोटाला ब्रश मारला. "खिशात काय आहे?" "काही नाही." ती म्हणाली, "खाई त्याला खवखवे," आणि कोट माझ्या हातात दिला.

ठरवले होते, की तिथे गेल्यावर ठरवू. मंडळाची खोली शाळेच्या वर्गासारखी, लांब टेबल, मागे खुर्च्या. मेलेल्यांची माणसे खुर्च्यांवर. तिसऱ्या रांगेत ती आणि तिच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या, बाकी खोलीत उभे राहायला जागा नव्हती. मुलगी मांडीवर. शाळाच नाही तर तिला ठेवणार कुठे?

चौकशीवाल्या बाईंनी फॉर्मबद्दल विचारले, रेघेबद्दल विचारले. मी उत्तरे दिली. सगळीकडे असेच चालते, मी एकटा नाही, असेही म्हणालो. मग त्यांनी पेन खाली ठेवले.

"डॉक्टर, शेवटचा प्रश्न. कप्तानाच्या पत्नी तुमच्या दवाखान्यात आल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं आहे. तसा काही निरोप तुमच्यापर्यंत आला होता का?"

मला पान छातीशी लागत होते. 'हो' म्हणायला तोंड उघडले होते, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला ते पटणार नाही.

"नाही," मी म्हणालो. किती सहज निघाला तो शब्द! सवयीचा हात असतो तशी सवयीची जीभही असते.

तिसऱ्या रांगेकडे पाहिले नाही. खाली येऊन बसलो. त्यानंतर ताईंना बोलावले. त्यांची साक्ष आहे हे मला माहीतच नव्हते. इस्त्रीची साडी, हातात काही नाही. मला हायसे वाटले.

"निरोप आला होता का?"

"आला होता. मी लिहून घेतला. डॉक्टरांनी काट मारली."

"पुरावा आहे?"

"आहे." ताईंचा आवाज दवाखान्यात पुढचा नंबर पुकारतात तसाच होता. "जानेवारीच्या वहीतलं पान. डॉक्टरांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, डावीकडे. शुक्रवारपासून त्यांचा हात सारखा तिथे जातो."

आणि तेव्हाही, त्या क्षणीही, माझा हात तिथेच होता.

३० मे, शनिवार

परवाना काढून घेतला. पुढे खटला होईल. वकील म्हणतात, पान जाळले नाही हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. म्हणजे शेवटी भित्रेपणाच कामी येणार.

वर्तमानपत्राने तिच्याबद्दल खुलासा छापला. सातव्या पानावर, चार ओळी, टायरच्या जाहिरातीखाली. मथळा पहिल्या पानावर होता, खुलासा सातव्या. दारावरचा 'बासष्ट' अजून तसाच आहे. शाळेने अजून उत्तर दिलेले नाही.

हे ताईंनी सांगितले. त्या किल्ल्या द्यायला आल्या होत्या. मला राग होता, तो मी बोलून दाखवला. म्हटले, "एकोणीस वर्षं, ताई. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर काम केलंत, आणि भर सभेत..."

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते, झापले होते त्या दिवशीसुद्धा नाही.

"एकोणीस वर्षं मी त्या वहीत लिहीत होते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं तुम्ही वाचता. त्या बाईंना मीच म्हटलं होतं, निश्चिंत घरी जा, डॉक्टर रोज संध्याकाळी वाचतात."

त्या गेल्यावर मी टेबल आवरायला घेतले. टेबलाच्या खणात कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. कोरे म्हणजे रेघ मारून ठेवलेले. नऊ मार्चच्या सकाळी मारलेल्या रेघा, त्या दिवशी पुढचे पायलट आलेच नाहीत म्हणून उरलेल्या. अगदी तळाशी एक खरोखरच कोरा सापडला. तो समोर घेतला. तीस वर्षांत मी तो कधी वरपासून खालपर्यंत वाचला नव्हता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्याने वाचला, एकेक प्रश्न, कोणी बसलेले असावे आणि त्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा असा थांबत थांबत. अकरावा, रात्री झोप लागते का? सतरावा, जगण्यात अर्थ नाही असे कधी वाटते का? सतराव्याला जास्त थांबलो.

नाडी मोजायचे घड्याळ हातात होते, सवयीने चालू केले होते. चोवीस प्रश्नांना चार मिनिटे लागतात.